प्रसिद्धी घरात येते तेव्हा ‘थांब’ कोण म्हणणार?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ 16 वर्षांचा आहे, टेनिस खेळतो. गेल्या वर्षी त्याने एका मोठ्या स्पर्धेत बराच वरच्या मानांकनाचा खेळाडू हरवला. त्या सामन्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि चार महिन्यांत घर बदलून गेलं. आता एक मॅनेजर आहे, तो पाच वर्षांचा करार घेऊन पुढच्या आठवड्यात येणार आहे. दोन प्रायोजक तयार आहेत, एका वेब मालिकेतूनही विचारणा झाली. आई नोकरी सोडून त्याच्याबरोबर फिरायचं म्हणते. बाबा म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही. मला आनंद आहे, पण भीतीही वाटते, आणि ती बोलून दाखवली की घरात म्हणतात, मी त्याच्यावर जळते. या सगळ्याची नेमकी किंमत काय असते? ती टाळता येते का?

उत्तर:

सुरुवात तुमच्या त्या शेवटच्या तक्रारीपासून करते. तुमच्या घरात आज भावाच्या यशावर ज्याचं काहीच अवलंबून नाही असं माणूस बहुधा तुम्ही एकट्याच आहात. आईची नोकरी त्याच्यासाठी सुटणार आहे. बाबांचा चारचौघांतला मान त्याच्यामुळे वाढला आहे. मॅनेजरचं कमिशन त्याच्या कमाईतून निघणार, प्रशिक्षकाकडे नवी मुलं त्याचं नाव ऐकून येणार. यांतलं कुणी वाईट नाही. पण उद्या भाऊ म्हणाला, “मला महिनाभर खेळायचं नाही,” तर ते ऐकून ज्याचं काही बिघडणार नाही असं कोण आहे? तुम्ही आहात. म्हणून तुमची भीती मी जळफळाट म्हणून बाजूला सारणार नाही.

मी 22 वर्षं खेळाडूंबरोबर आणि पडद्यावर काम करणाऱ्या मुलांबरोबर मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे. या काळात कोसळताना पाहिलेल्यांची कारणं वेगवेगळी होती. कुणी दुखापतीने संपलं, कुणी दारूने, कुणाचे पैसे गेले, कुणाला लोकांच्या शिव्या सहन झाल्या नाहीत. एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत सारखी होती. गरज पडली तेव्हा त्यांना ‘थांब’ म्हणेल असं जवळ कुणी उरलंच नव्हतं. जे होते ते सगळे त्यांच्याच पंगतीला जेवणारे होते. माझ्या मते प्रसिद्धीची खरी किंमत ही आहे आणि बाकीच्या बहुतेक किमती हिच्या पोटातून निघतात.

पैशापासून बघू, कारण घरातला बदल तिथेच सुरू होतो. 1921 मध्ये चार्ली चॅप्लिनबरोबरच्या चित्रपटातून जॅकी कूगन हा सहा-सात वर्षांचा मुलगा जगभर पोचला. त्याने लहानपणी 30 ते 40 लाख डॉलर कमावले असावेत असा अंदाज सांगितला जातो. सज्ञान झाल्यावर त्याने पैसे मागितले, तेव्हा कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक उडवले आहेत. 1938 मध्ये त्याने त्यांच्यावर खटला भरला. हाती लागले सुमारे 1,26,000 डॉलर. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलाची कमाई आईवडिलांचीच धरली जायची, म्हणजे कायद्याच्या नजरेत त्यांनी चोरी केलेलीच नव्हती. या प्रकरणावरून 1939 मध्ये तिथे बालकलाकारांसाठी कायदा झाला. आज त्यानुसार एकूण कमाईतले 15 टक्के मुलाच्या नावे बंद खात्यात ठेवावे लागतात. भारतात 2017 च्या नियमांनी बालकलाकाराच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवणं सक्तीचं केलं, पण ते 14 वर्षांखालच्या मुलांपुरतं आहे. तुमचा भाऊ त्या वयाच्या पुढे गेला आहे. त्याच्यासाठी हे काम घरालाच करावं लागेल.

लोक कूगनची गोष्ट ‘लोभी आईवडील’ म्हणून सांगतात. मला मात्र बहुतेक वेळा चांगले, कष्टाळू आईवडीलच भेटले आहेत. त्यांच्या घरात काय होतं ते सांगते. सुरुवातीला मुलासाठी खर्च होतो, कर्जही निघतं. मग मुलगा कमवू लागतो. प्रवास, प्रशिक्षक, फिजिओ हे खर्च त्याच्याच पैशातून भागतात आणि ते बरोबरच असतं. मग मोठं घर येतं, त्याचा हप्ता येतो. आई किंवा वडील नोकरी सोडतात. आणि एके दिवशी, कुणीही ठरवलेलं नसताना, घरातला कमावता माणूस 16 वर्षांचा असतो. त्याला रात्री अकराला फोन बाजूला ठेव म्हणणं जड जातं. प्रशिक्षक बदलायचा का, हा प्रश्न ‘त्याला विचारू’ इथे येऊन थांबतो. मी एका मुलीबरोबर काम केलं होतं, ती मालिकेत काम करायची. ती मला म्हणाली, “मी आजारी पडले की घरातले सगळे गप्प होतात.” तेरा वर्षांच्या मुलीला कळलं होतं की आपला ताप म्हणजे घराचं उत्पन्न थांबणं. तिने नंतर ताप लपवायला सुरुवात केली.

म्हणून आईच्या नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शक्य असेल तर सोडू नये. बिनपगारी रजा घ्यावी, अर्धवेळ काम मागावं, काही दौऱ्यांना बाबांनी जावं, काहींना प्रशिक्षकाबरोबर पाठवावं. आईने नोकरी सोडली की त्या दिवसापासून भावाच्या प्रत्येक पराभवात आईचा पगारही हरतो, आणि त्याला ते माहीत असतं. मुलं हा हिशेब मोठ्यांपेक्षा लवकर करतात.

आता तुमच्या भावाच्या खेळातलंच उदाहरण. जेनिफर कॅप्रियाटी मार्च 1990 मध्ये व्यावसायिक खेळाडू झाली, तेव्हा तिला 14 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पहिला सामना खेळण्याआधीच तिच्याकडे मोठमोठे जाहिरात करार होते. त्याच वर्षी ती फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत गेली, 1992 मध्ये बार्सिलोनात स्टेफी ग्राफला हरवून तिने ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. 1993 च्या अमेरिकन ओपननंतर ती खेळापासून दूर झाली. वय 17. पुढे दुकानातून वस्तू उचलल्याची बातमी, अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक, आणि पोलिसांनी काढलेला तो फोटो जगभर छापला गेला. ती परत आली, 2001 मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच, 2002 मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, हे लोक विसरतात. तिच्यासारख्या मुलींचं काय झालं ते पाहून महिला टेनिस संघटनेने 1995 पासून वयाची अट आणली. 18 पूर्ण होईपर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा, वय वाढेल तशी ती सैल होत जाते. मला या नियमात एक गोष्ट फार आवडते. ‘नाही’ म्हणण्याचं ओझं तो घरच्यांच्या डोक्यावरून काढून घेतो. एका जादा स्पर्धेला ‘चालेल’ म्हणण्याचा मोह कुठल्या घराला होत नाही? नियम असला की भांडणच होत नाही.

आंद्रे अगासीची कहाणी तुमच्या भावाला माहीत असेल. त्याने 2009 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात लिहिलं की त्याला टेनिसचा तिटकारा होता, लहानपणापासून. वडिलांनी चेंडू फेकणारं यंत्र सुधारून घेतलं होतं आणि रोजचे हजारो चेंडू मारायला लावायचे. 1997 मध्ये तो 141 व्या क्रमांकावर घसरला, त्याच वर्षी त्याने अमली पदार्थ घेतले. मला त्यातलं हे महत्त्वाचं वाटतं की एवढी वर्षं तो हे जाहीरपणे सांगू शकला नव्हता. जो खेळ सगळ्यांना पोसतो, तो आवडत नाही हे कुणाजवळ बोलायचं?

यश मिळाल्यावर येणाऱ्या पोकळीबद्दलही सांगायला हवं, कारण ती हरल्यावर येणाऱ्या दुःखाहून वेगळी असते आणि घरच्यांना अनपेक्षित असते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने 10 मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकलं. भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. पुढे त्याने अनेकदा उघडपणे सांगितलं आहे की त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मानसिक पेच त्या विजयानंतर आला. ज्यासाठी इतकी वर्षं सकाळी उठलो, ते मिळालं, आता उद्या उठायचं कशासाठी? जलतरणपटू मायकेल फेल्प्सकडे 28 ऑलिंपिक पदकं आहेत, त्यात 23 सुवर्ण. त्यानेही सांगितलं आहे की 2012 च्या लंडन ऑलिंपिकनंतर तो दिवसचे दिवस खोलीत बसून होता आणि त्याला जगावंसं वाटत नव्हतं. 2014 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दुसऱ्यांदा पकडला गेल्यावर तो उपचारांसाठी दाखल झाला आणि 2016 मध्ये रिओत पाच सुवर्ण घेऊन परतला.

आमच्या शास्त्रात यासाठी एक संकल्पना आहे, ‘खेळाडू म्हणून ओळख’. 1993 मध्ये ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या संशोधकांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. प्रश्न साधे आहेत: माझे बहुतेक मित्र खेळाडूच आहेत का, खेळ नीट झाला नाही तर मला स्वतःबद्दलच वाईट वाटतं का, असे. ही ओळख घट्ट असली तर सराव चांगला होतो, म्हणून प्रशिक्षकांना ती आवडते. पण तीच एकमेव ओळख असली तर दुखापत किंवा निवृत्तीनंतर माणूस उघड्यावर पडतो. कलाकारांचंही तेच. वयात आल्यावर आवाज फुटलेला बालगायक किंवा उंची वाढल्यामुळे भूमिका गेलेली मुलगी वयाच्या चौदाव्या वर्षी निवृत्त होते, आणि तिला निवृत्त म्हणायलाही कुणी तयार नसतं.

शरीराबद्दल थोडक्यात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं की एकाच खेळाला वाहून घेणं शक्यतो 15-16 वर्षांपर्यंत टाळावं, आठवड्यात निदान एक-दोन दिवस सुट्टी असावी आणि वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून विश्रांती, एकेक महिन्याच्या टप्प्यांनी. हे मी सांगते तेव्हा पालक म्हणतात, “मग बाकीचे पुढे जातील.” 2022 मध्ये गुलिच, मॅकनमारा आणि हॅम्ब्रिक यांनी पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मोठेपणी जगात अव्वल ठरलेले खेळाडू लहानपणी जास्त खेळ खेळलेले होते, त्यांनी मुख्य खेळ तुलनेने उशिरा सुरू केला होता आणि सुरुवातीची त्यांची प्रगतीही हळू होती. कुमार गटात चमकणाऱ्यांचं चित्र याच्या उलट होतं. बाबांना हे वाचून दाखवा.

मग ‘थांब’ कोण म्हणतं आणि ते ऐकलं जातं का, याकडे येते. 27 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरीत एक उडी मारली आणि माघार घेतली. हवेत असताना आपलं शरीर कुठे आहे याचं भान सुटत होतं. जिम्नॅस्टिक्समध्ये असं झालं तर मान मोडू शकते. जगभर तिला पळपुटी म्हणणारे निघाले. पण तिच्या प्रशिक्षकांनी आणि सहकाऱ्यांनी तिचं ऐकलं, तिच्या जागी दुसऱ्या मुली खेळल्या, संघाने रौप्य घेतलं. तिने त्याच स्पर्धेत बॅलन्स बीमवर कांस्य घेतलं आणि 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदकं. हीच बाइल्स लॅरी नासर या संघ-डॉक्टरच्या लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलींपैकी एक होती. नासरविरुद्धच्या तक्रारी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या मोठ्या माणसांच्या कानावर गेल्या होत्या. 2018 च्या सुनावणीत दीडशेहून अधिक मुली-बायका न्यायालयात बोलल्या, तोपर्यंत त्या यंत्रणेला पदकं हवी होती आणि मुलींचं म्हणणं त्यात अडथळा होतं. एकाच मुलीच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी आहेत. तिचं ऐकणारी माणसं होती तिथे ती वाचली, नव्हती तिथे नाही.

मनोरंजनात हे आणखी उघडं दिसतं. मायकेल जॅक्सनकडे शेवटच्या काळात स्वतःचा डॉक्टर होता, महिना दीड लाख डॉलर ठरले होते. झोप येत नाही म्हणून त्याला शस्त्रक्रियेत वापरायचं भुलीचं औषध घरी दिलं जात होतं. जून 2009 मध्ये तो गेला, 2011 मध्ये डॉक्टर दोषी ठरला. बाहेरचा कुठलाही डॉक्टर ‘नाही’ म्हणाला असता. गायिका ब्रिटनी स्पीअर्स 2008 ते 2021 न्यायालयाने नेमलेल्या पालकत्वाखाली होती, बराच काळ वडिलांच्या. त्या काळात ती लास वेगासमध्ये वर्षानुवर्षं कार्यक्रम करत होती. जिला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत असं कागदोपत्री ठरलं होतं, ती काम मात्र करू शकत होती, आणि पालकत्व सांभाळणाऱ्यांचा मोबदला तिच्याच पैशातून जात होता. जून 2021 मध्ये ती स्वतः न्यायालयात बोलली तेव्हा कुठे चक्रं फिरली.

माणसांनी वेढलेलं असणं आणि सोबत असणं वेगळं. विराट कोहलीने 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात दहा कसोटी डावांत 134 धावा केल्या. नंतर त्याने सांगितलं की आजूबाजूला आधार देणारी माणसं असूनही तो अगदी एकटा पडला होता आणि ते समजून घेईल अशा जाणकाराची गरज वाटत होती. भारतीय संघाचा तो आधार होता, आणि त्याची ही अवस्था.

लोकांच्या शिव्यांबद्दल एवढंच सांगते की त्या सवयीने सोप्या होत नाहीत, आणि टेनिसमध्ये हरलेल्या सामन्यावर पैसे लावणारेही खेळाडूला थेट घाणेरडे संदेश पाठवतात. दक्षिण कोरियात अशाच शिव्या झेललेल्या सुली या गायिकेच्या मृत्यूनंतर 2019 मध्ये एका मोठ्या वेबसाइटने मनोरंजनाच्या बातम्यांखाली प्रतिक्रिया लिहिणंच बंद केलं. घरात करता येईल असा उपाय साधा आहे. सामना संपल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा फोन दुसऱ्या कुणाकडे, आणि त्याच्या खात्यावर आलेले संदेश त्याने स्वतः वाचायचे नाहीत. धमकी असेल तर जतन करून तक्रार करायची. हे काम मॅनेजरकडे देऊ नका, त्याला वाद वाढले तरी फॉलोअर्स वाढल्याचा आनंद होऊ शकतो.

किंमत टाळता येते का, असं तुम्ही विचारलंत. सगळी नाही. त्याचं सोळाव्या वर्षाचं निवांतपण गेलंच आहे, ते परत येणार नाही. तुमच्याही वाट्याचं काही गेलं आहे: आईवडिलांचं लक्ष, घरातल्या गप्पा, सुट्ट्या. ज्या घरात एक मूल चमकतं तिथे दुसरं मूल समजूतदार व्हायला शिकतं, आणि त्या समजूतदारपणाचं कौतुक करून सगळे मोकळे होतात. तुम्ही त्याबद्दल रागावला असाल तर तो राग खरा आहे आणि तरीही तो जळफळाट नाही. माझ्याकडे खेळाडूंइतकीच त्यांची भावंडंही येतात, फक्त दहा वर्षं उशिरा.

भावाशी बोलताना एक जपा. त्याला दुसरा प्रशिक्षक नको आहे. “तू आज असं का खेळलास” हे तुमच्या तोंडून येऊ देऊ नका, “सावध राहा, हे सगळं जाईल” हेही नको, ते त्याला शापासारखं ऐकू येतं. टेनिसचा विषय सोडून बोला. त्याला घरातलं एखादं काम असू द्या जे तो जिंकून आला तरी त्यालाच करावं लागतं. आणि अधूनमधून, गाडीत किंवा चालताना, तोंडासमोर तोंड नसताना, विचारा की तुला हे अजून आवडतं का. उत्तर ‘हो’ आलं तर आनंद माना. ‘नाही’ आलं तर त्या दिवशी फक्त ऐका, आईबाबांकडे लगेच धावू नका, त्याला विचारून मग सांगा. मात्र तो झोपेनासा झाला, जेवण तुटलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर गुपित पाळायचं नाही. त्याच दिवशी मोठ्यांना सांगा आणि डॉक्टरकडे न्या.

कराराबद्दल शेवटचं. पाच वर्षं म्हणजे तो 21 चा होईपर्यंत. दक्षिण कोरियात 2009 मध्ये एका गटाच्या तीन गायकांनी 13 वर्षांच्या कराराविरुद्ध खटला भरला. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घातलेला नमुना करार काढला. तेही सज्ञान माणसांसाठी लांबच वाटतं. वकील मॅनेजरने सुचवलेला नको, त्याची फी तुमच्या घराने द्यावी. मुदत दोन वर्षांची मागा. तो 18 चा झाल्यावर करार पुन्हा त्याच्यासमोर ठेवला जाईल आणि तेव्हा नाही म्हणण्याची मुभा त्याला असेल, हे लिहून घ्या. दुखापत किंवा आजारपणात जाहिरातीची कामं पुढे ढकलता येतील, दंड नसेल, हे लिहून घ्या. पैसे आधी त्याच्या खात्यात येतील आणि कमिशन तिथून जाईल, उलट नाही. ठरावीक हिस्सा त्याच्या एकट्याच्या नावे बाजूला पडेल, ज्याला 18 पूर्ण होईपर्यंत कुणी हात लावणार नाही. वेब मालिकेला या वर्षी नाही म्हणा, त्याच्या दिवसात तेवढे तास नाहीत.

मॅनेजर येईल त्या दिवशी तुम्हीही टेबलाशी बसा. घरातले म्हणतील, तुझं काय काम. म्हणा, मला वाचायचं आहे, आणि मुदतीच्या कलमापासून मोठ्याने वाचायला लागा.